सूर्याचे चाळीस दिवस

डॉक्टर स्विलेन काराजोव पोस्टमनलाही घाबरतो, हे आमच्या ब जिन्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लिफ्टमध्ये दुसरं कुणी शिंकलं तर हा "माफ करा" म्हणतो. बायकोच्या मांजराला घाबरतो, बेकरीतल्या बाईला घाबरतो, आणि फोन वाजला की आधी खिडकीकडे बघतो, का ते त्याचं त्यालाच माहीत. बरं, हा माणूस नोकरी कसली करतो? तर लांबच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर हवा कसली आहे ते हुडकायची. इतक्या लांबच्या, की तिथून येऊन कुणी जाब विचारायची सोय नाही. नोकरी त्याने विचार करूनच निवडली असणार. असा हा ससा, आणि त्याच्यापायी गेल्या सप्टेंबरात बल्गेरियातल्या आमच्या प्लोव्दिव शहरात अख्ख्या त्राकिया वस्तीची पाचावर धारण बसली. आता बोला!

सुरुवात झाली ती इटलीतल्या त्रेविझान नावाच्या एका प्राध्यापकांपासून. नऊ वर्षांपूर्वी स्विलेनने आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याचा एक ग्रह तपासला होता. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्या ग्रहाच्या हवेतून गाळून येतो आणि हवेत जे असेल त्याची खूण उजेडावर उमटते. स्विलेनला पाण्याच्या वाफेची खूण सापडली. ग्रहाला कागदोपत्री लांबलचक आकडा आहे, पण याने मनातल्या मनात त्याचं नाव रोसित्सा ठेवलं. आमच्याकडे पोरींचं नाव असतं ते. दवाचा थेंब म्हणा ना. जगात स्विलेनला ओळखणारी जी साठ-सत्तर माणसं आहेत, ती रोसित्सावरच्या वाफेमुळेच ओळखतात. एरवी बेकरीतली बाई रोज त्याला नव्याने "काय हवंय?" विचारते.

तर प्राध्यापक त्रेविझान अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुमच्या ताऱ्यावर डाग असतील तर? डाग थंड असतात, त्यांच्यात वाफ तयार होते. मग तुम्हाला दिसली ती ग्रहाची हवा कशावरून? ताऱ्याचा डाग का नव्हे? आपलाच सूर्य घ्या. तो लांबचा एक ठिपका आहे असं समजून चाळीस दिवस सलग बघा, म्हणजे त्याची स्वतःभोवती एक फेरी पुरी होऊन वर थोडे दिवस उरतील. त्याच्या डागांची खूण तुमच्या खुणेसारखी नाही, एवढं दाखवा. नाहीतर शोध मागे घ्यावा लागेल, नाही का?"

ते "नाही का?" स्विलेनच्या पोटात जाऊन बसलं. ओरडणाऱ्या माणसांची त्याला सवय होती. सभ्य माणसांपुढे त्याची बोबडी वळते. रोसित्सा कोरडी निघाली तर? नऊ वर्षं आपण एका डागाला पाणी पाणी म्हणत फिरलो असं ठरलं तर? जेवताना त्याला हेच दिसायचं. वेसेला, म्हणजे त्याची बायको, औषधांच्या दुकानात काम करते आणि तिला घाबरट माणसांची रोजची सवय आहे. ती म्हणाली, "एवढं वाटतंय तर बघून टाक ना सूर्य. वरच तर आहे."

वरच होता खरा, पण तो काम करतो त्या संस्थेच्या गच्चीवर डांबराचं काम काढलेलं. ते तीन आठवड्यांत संपणार होतं, म्हणजे कधी ते आम्हा बल्गेरियन लोकांना सांगायला नको. शेवटी ठरलं की दुर्बीण घरच्या गच्चीवर लावायची. दुर्बीण म्हणजे काय हो, पेल्याएवढी! वर पारदर्शक घुमट, केकवर झाकण घालतात तसला. दिवसभर ती आपली आपण सूर्याकडे तोंड करून फिरणार, आणि तिचा उजेड काचेच्या एका बारीक तारेतून आठव्या मजल्याच्या वरून सातव्यावर स्विलेनच्या घरात उतरणार. उजेडाची फोड करणारं यंत्र मात्र थंड, अंधाऱ्या, एकसारख्या हवेच्या जागी ठेवायला हवं. घरात तशी जागा एकच, वेसेलाची कोठी. तिथे तिच्या मुरांब्याच्या बरण्या. या वाटाघाटींचं वर्णन करत नाही, कारण स्विलेनला त्याही आठवल्या की घाम फुटतो. यंत्र कोठीत गेलं आणि बरण्या त्याच्या पलंगाखाली आल्या, एवढं पुरे.

मग परवानगी. नगरपालिकेत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "गच्चीवर काय ठेवायचंय? अँटेना?"

"नाही. दुर्बीण."

"दुर्बीण नाहीये माझ्याकडे. अँटेना आहे, वातानुकूलन यंत्र आहे, जाहिरातीचा फलक आहे, कबुतरखाना आहे. यातलं सांगा."

"पण यातलं काहीच..."

"मागे रांग बघताय ना?"

स्विलेनने मागे पाहिलं. मागे रांग होती, आणि रांगेतली माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याच्यासारख्या माणसाला एवढं बस झालं. अँटेनाला अभियंत्याचा दाखला लागत होता, फलकाला कर. तो दाराशी पोचला तेव्हा तो रीतसर एका कबुतरखान्याचा मालक होता. पुढे नवव्या दिवशी जनावरांच्या दवाखान्याचा एक तपासनीस आला आणि कबुतरांना लस कुठे टोचली म्हणून विचारू लागला. स्विलेनने घुमट दाखवला. तपासनीस बराच वेळ आत वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "पिलं अजून लहान दिसतात." तो गंमत करत होता की काय, हे विचारायची छाती स्विलेनला झाली नाही.

पण खरा घोटाळा त्याआधीच झाला होता. आमच्या जिन्याचे कारभारी मिंचोकाका. निवृत्त आगारप्रमुख, आयुष्यभर बसगाड्या हाकल्या, आता आम्हाला हाकतात. ते म्हणाले, "डॉक्टर, गच्चीवर काही करणार असाल तर दारावर सूचना लागली पाहिजे. छापील! हाताने खरडलेली मी फाडून टाकतो." त्यांच्या लेखी कुठलाही डॉक्टर हा डॉक्टर, गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्विलेनला गुडघा दाखवला होता.

सगळ्यात जवळचं छपाईचं दुकान इस्पितळासमोर आहे, स्नेझाबाईंचं. आता इस्पितळासमोरचं छपाईचं दुकान काय छापत असणार? आमच्याकडे माणूस गेलं की फोटोसकट काळ्या चौकटीचा कागद दारावर लागतो. चाळीस दिवस झाले की दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग वर्षा-वर्षाला. खांब, दारं, बसथांबे, सगळीकडून आमची मेलेली माणसं आमच्याकडे बघत असतात. स्नेझाबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच कागद छापतात आणि छान छापतात. स्विलेनने त्यांच्या हातात सूर्याचा फोटो ठेवला, मजकूर ठेवला, आणि म्हणाला, "जरा नीटनेटकं, ठळक अक्षरांत."

"काळजी करू नका," स्नेझाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "आम्ही समजू शकतो."

आपल्याला कुणीतरी समजू शकतं याचा स्विलेनला इतका आनंद झाला की त्याने कागद न बघताच घेतले. अंधारातल्या गोष्टी बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला उजेडातला कागद दिसला नाही. दाराला चिकटवतानाही तो कोपरे सरळ आहेत ना एवढंच बघत होता. सर्वांत वर ठळक अक्षरांत "चाळीस दिवस". त्याखाली काळ्या आभाळावर सूर्याचा गोल, फिकट चेहरा. त्याखाली नाव: "सूर्य". मग मजकूर: "सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही त्याच्याकडे पाहत राहू. या काळात गच्चीवर येऊ नये व शांतता राखावी, ही विनंती." आणि तळाशी, कुणी न सांगता, केवळ हाताच्या सवयीने, "शोकाकुल काराजोव कुटुंबीय". सभोवती दोन बोटं जाड काळी चौकट. शेजारी चौथ्या मजल्यावरच्या दिवंगत बाईंचा कागद होता. सूर्याचा जास्त उठून दिसत होता.

कागद पहिल्यांदा पाहिला तो आठव्या मजल्यावरच्या गिनाआजींनी. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, छातीवर क्रूस काढला आणि चष्मा लावला.

"कोण गेलं हो?" मागून आलेल्या मिंचोकाकांनी विचारलं.

"सूर्य."

"कुठला? तिसऱ्या मजल्यावरचा?"

"वरचा, मिंचो. वरचा!"

तुम्ही म्हणाल, हसून सोडून द्यायचं. आम्हीही हसलो हो, पहिल्या दिवशी. पण लावणारा कोण? पंचवीस वर्षं आभाळ बघणारा माणूस. आणि तो जिन्यातून जातो तेव्हा चेहरा कसा, तर मढ्याला खांदा देऊन आल्यासारखा. त्याला त्रेविझान दिसत होते, पण आम्हाला काय ठाऊक? मिंचोकाकांनी त्याला लिफ्टपाशी गाठलं.

"डॉक्टर, मला खरं सांगा. सूर्याला काही झालंय?"

आता इथे "नाही" एवढं म्हणायचं! पण शास्त्रज्ञाच्या तोंडून साधं "नाही" निघालंय कधी? स्विलेन म्हणाला, "तसं आत्ताच खात्रीने सांगता येणार नाही. तेच तर तपासतोय."

"म्हणजे शंका आहे."

"शंका असतेच हो. डाग आहेत ना थोडे."

गिनाआजींनी भिंतीचा आधार घेतला. "आमच्या ह्यांनाही आधी डागच होता, पोरा. मसुरीएवढा. डॉक्टर म्हणाले काही नाही, काही नाही."

"मसुरी कसली, आजी!" स्विलेन त्यांना धीर द्यायला म्हणाला. "सूर्यावरचे कित्येक डाग पृथ्वीपेक्षा मोठे असतात. नेहमीचंच आहे ते. वाढतात, मग जातात."

"हो," आजी म्हणाल्या. "तेही गेले."

एवढ्यात वेसेलाने तो कागद बघितला. ती घरात शिरली ती कागद हातात घेऊनच. "स्विलेन! हे काय केलंस? तू सूर्याला मारलंस!" स्विलेनने प्रथमच तो नीट वाचला आणि मटकन खुर्चीत बसला. कागद फाडला गेला, पण फाडलेल्या कागदाचा उलटाच अर्थ निघाला. अ जिन्यात बातमी गेली की पोलिसांनी उतरवायला लावला. क जिन्यात गेली तेव्हा त्यात सैन्यही आलं.

आमच्याकडे घाबरलेला माणूस काय करतो? मिरच्या भाजतो. तसंही सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याची बेगमी: लाल, हातभर लांब, गोड मिरच्या विजेच्या उभ्या नळकांड्यात भाजायच्या, सोलायच्या, काही तेलात मुरवायच्या, काहींची टोमॅटो घालून ल्युतेनित्सा नावाची चटणी करायची, मग बरण्या भरून खाली अंगणात पत्र्याच्या पिंपात चुलीवर उकळायच्या. दरवर्षी घरटी तीन पोती मिरच्या लागतात. यंदा गिनाआजींनी नऊ आणवली.

"सूर्यच नसेल तर हिवाळा संपणार कधी?" त्यांनी विचारलं. सूर्य नसेल तर बरण्या खायला आपण तरी कुठे असू, असा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू. मी सहा पोती आणली. मंडईतल्या मिरच्या दुपारपर्यंत संपायला लागल्या, बरण्यांची झाकणं मिळेनात, आणि सगळ्यांनी एकदम नळकांडी लावल्यामुळे ब जिन्याचा मुख्य फ्यूज तीनदा उडाला. तिन्ही वेळा दुर्बीण मान टाकून बसली आणि स्विलेन तिला उठवायला कोठीत धावला. वर गच्चीवर मात्र तो गेला नाही. गच्चीवर येऊ नये अशी सूचना होती ना! ती त्याचीच होती ही गोष्ट वेगळी.

आणि मग, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, संगणकावरच्या रेषेने त्याचं तोंडचं पाणी पळवलं.

सूर्याचा उजेड दुपारी कमी होत होता. रोज. सकाळी ठीक, अकरा वाजल्यापासून उतरती कळा, आणि त्याबरोबर पाण्याच्या वाफेची खूण चढत चाललेली. आपल्या हवेतली वाफ स्विलेन हिशोबातून वजा करत असे. शहराच्या हवामान केंद्राचे आकडे घेऊन अगदी काटेकोरपणे. तरी ही वाफ उरत होती. म्हणजे ती शहराच्या हवेतली नव्हती. मग कुठली? डाग तर त्या आठवड्यात सूर्यावर नावाला दोन.

स्विलेनने यंत्र तपासलं. ठीक. तार तपासली, ठीक. हिशोब तीनदा केला. चौथ्यांदाही आकडा तोच आला. नको ते त्याच्या मनात आलं आणि बसून राहिलं: खरंच तर नाही ना काही? विद्यापीठात पहिल्याच वर्षी शिकवतात, की सूर्य अजून काही अब्ज वर्षं टिकेल. पण ते आकडे कुणी काढले? माणसांनीच. आणि माणसं कशी चुकतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

तो पाव आणायला खाली उतरला तेव्हा चेहरा चुन्यासारखा. जिन्यात मिंचोकाकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वर जाऊन मुलाला फोन केला: "अजून दोन पोती घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मिरच्या जास्त भाजल्या गेल्या, वाफ अजून चढली, स्विलेन अजून पांढरा पडला, त्याला बघून आम्ही आणखी पोती आणली. असं आठवडाभर चाललं. आम्ही त्याला घाबरवत होतो आणि तो आम्हाला, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. रात्री तो वेसेलाला हलवून उठवायचा आणि विचारायचा, "तुला थंडी वाजतेय का गं? नेहमीपेक्षा जास्त?"

शेवटी वेसेलाच वैतागली. "वर जाऊन बघितलंस का?"

"बघायचं काय? सगळं यंत्र सांगतंय."

"अरे, यंत्राला नाक नाहीये. तुला आहे."

ती त्याला दंडाला धरून वर घेऊन गेली. गच्चीचं दार उघडलं आणि दोघांचे डोळे चुरचुरले. घुमटाच्या दक्षिणेला, बरोबर सूर्याच्या बाजूला, एकोणीस नळकांडी ओळीने धुमसत होती. खालच्या गॅलऱ्यांत जागा संपली म्हणून, आणि गच्चीवर कुणाच्याच घरच्या मीटरशी न जोडलेला विजेचा एक सार्वजनिक प्लग आहे म्हणून, सगळा जिना वर आला होता. बरण्यांचं पिंपही वर आलं होतं. मधोमध स्टुलावर गिनाआजी, कोपरापर्यंत लाल. पांढरा धूर आणि वाफ यांचा एक खांब घुमटावरून थेट आभाळात चालला होता.

"ये पोरा," आजी म्हणाल्या. "पाव आणलास का?"

स्विलेन हसला, रडला, आणि घुमटावरचं तेल रुमालाने पुसत तिथेच बसला. सूर्य बरा होता. पण दहा दिवस वाया गेले होते, आणि हे असंच चाललं तर उरलेलेही जाणार. त्रेविझानना काय सांगायचं? आमच्याकडे मिरच्या भाजतात?

सायकलींच्या खोलीत सभा भरली. स्विलेन अख्ख्या आयुष्यात तीस माणसांसमोर बोलला होता ते फक्त परदेशात, परक्या भाषेत, आणि तिथे दिवे मालवलेले असतात. इथे दिवा होता. तो म्हणाला, "मंडळी, सूर्य ठणठणीत आहे. तुमच्या वाफेनेच मला तो आजारी दिसत होता. कृपा करून दिवसा मिरच्या भाजू नका."

"ठणठणीत आहे?" मिंचोकाका उठले. "मग शपथ घ्या."

"शपथ कशी घेणार? मोजणी पुरी व्हायचीय."

"बघा!" खोलीभर कुजबुज उठली.

"तसं नाही हो! मोजणी सूर्यासाठी नाहीच. म्हणजे सूर्याचीच आहे, पण..." आणि इथे त्याचा धीर सुटला. रोसित्साचं नाव त्या खोलीत, सायकलींच्या मधे, काढायची त्याला लाज वाटली. "चाळिसाव्या दिवशी सगळं सांगतो," तो कसाबसा म्हणाला.

अर्ध्या खोलीने छातीवर क्रूस काढला. चाळिसाव्या दिवशी! आत्मा घर सोडतो तो दिवस. स्विलेनला आपण काय बोललो हे घरी पोचल्यावर कळलं.

पण एक झालं, लोकांनी मनावर घेतलं. मिंचोकाकांनी फर्मान काढलं: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एकही नळकांडं नाही, एकही पिंप नाही, रात्री काय हवं ते भाजा. ते स्वतः आगारातली जुनी शिट्टी गळ्यात घालून फिरू लागले. फक्त गिनाआजी सापडायच्या. कधी एक मिरची, कधी एक वांगं, "जेवणापुरतं हो, मिंचो, म्हाताऱ्या बाईला काय उपाशी मारणार?" शिट्टी वाजली की वांगं ॲप्रनखाली. असं चार वेळा झालं. स्विलेनच्या रेषेवर ते चारही दिसले.

मग तेहतिसाव्या दिवशी सूर्याच्या कडेवरून एक डाग वर आला. मोठा, काळाभोर, मागे दोन पिल्लं घेऊन. स्विलेन खुर्ची ओढून संगणकाला चिकटला. याचीच तर वाट बघत होता तो, आणि याचीच भीती होती. डाग रोज थोडा आत सरकत होता आणि हिशोबाने बरोबर चाळिसाव्या दिवशी मधोमध येणार होता. त्या दिवशीची खूण जर वेगळी निघाली, तर रोसित्सावर वाफ आहे, पाणी आहे, नऊ वर्षं खरी आहेत. आणि जर तशीच निघाली... इथून पुढे त्याच्याच्याने विचार होत नसे. तो उठून हात धुवायचा.

मधल्या दिवसांत रेषा थोडी थोडी चढत होती, पण आजींची वांगी होतीच. काहीच सांगता येत नव्हतं. तो मिंचोकाकांकडे गेला, दार वाजवायचं धाडस करून. "काका, चाळिसाव्या दिवशी तरी एकसुद्धा नको. हात जोडतो."

"त्या दिवशी," मिंचोकाका गंभीरपणे म्हणाले, "कॉफीसुद्धा उकळणार नाही कुणी."

आणि खरंच, त्या दिवशी ब जिना इतका गप्प होता की लिफ्टचा दोर ऐकू येत होता. आभाळ निळंशार, वारा नाही, धूर नाही. मुलांनी डबे नेले, म्हाताऱ्यांनी चीज आणि पाव खाल्ला. दुपार झाली तसे लोक आपण होऊन जिन्यात येऊन बसू लागले, सातव्या मजल्यापासून खाली पायऱ्या-पायऱ्यांवर. मिंचोकाकांनी सूट घातला होता. मीही धुतलेला शर्ट घातला होता; का ते विचारू नका.

आत स्विलेन कोठीच्या दाराशी संगणक मांडीवर घेऊन बसला होता. उन्हं कलली तशी त्याने मोजणी थांबवली, आपल्या हवेतली वाफ वजा केली, आणि उरलेली रेषा रोसित्साच्या नऊ वर्षांपूर्वीच्या रेषेवर ठेवली.

दोन रेषा एकावर एक बसल्या. खालची दिसेना.

त्याने रेषा हलवून पुन्हा ठेवल्या. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली, आणि आली तशी त्याने तिला घट्ट धरलं. मिरच्या! कुणीतरी भाजली असेल. एखादी तरी. एवढ्या मोठ्या जिन्यात एक म्हातारी, एक वांगं. चार वेळा झालं तसं पाचव्यांदा. ही वाफ सूर्याची नव्हेच, ही वाफ आपलीच. मग आजचा दिवस बाद. मग रोसित्सा अजून आहे!

त्याने धाडकन दार उघडलं. जिन्यातले सगळे उठून उभे राहिले.

"आज कुणी मिरच्या भाजल्या?" तो ओरडला. त्याला ओरडताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

"नाही, डॉक्टर!" मिंचोकाका छाती काढून म्हणाले. "एक नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही. एखादी? चहा ठेवला असेल कुणी? अंडं उकडलं असेल?"

"देवाशप्पथ नाही," पाचव्या मजल्यावरचा म्हणाला. "पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते," सहाव्यावरची म्हणाली. खालून, न दिसणाऱ्या पायऱ्यांवरूनही आवाज आले, नाही, नाही, आमच्याकडेही नाही. प्रत्येक "नाही"ला तो थोडा थोडा खचत होता, आणि आम्हाला वाटलं की आमच्यावर विश्वास नाही म्हणून. त्यामुळे आम्ही जास्तच जोरात शपथा घेतल्या.

शेवटी तो गिनाआजींकडे वळला. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "आजी, तुम्ही भाजली असेल ना? एक तरी? सांगा ना, आजी. एक छोटी."

आजींचे डोळे भरून आले. "नाही रे पोरा," त्या म्हणाल्या. "बाकी दिवस फसवलं तुला. पण आज नाही. तुझं तोंड बघवत नव्हतं मला. सकाळपासून नुसतं दही खाल्लंय."

स्विलेनने त्यांचे हात सोडले. मिंचोकाकांनी सूटचं बटण लावत विचारलं, "मग सूर्याचं काय, डॉक्टर?"

"सूर्य ठीक आहे," स्विलेन म्हणाला. "आहे तो डाग त्याचाच आहे. वाफही त्याचीच. शपथेवर सांगतो."

काय सांगू तुम्हाला! असा गलका आमच्या जिन्यात कधी झाला नव्हता. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, मिंचोकाका शिट्टी फुंकायला लागले ते थांबेचनात, कुणीतरी राकिया दारूची बाटली काढली आणि सगळ्यांनी स्विलेनच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मी धरून. शपथ घेतली, डॉक्टरने शपथ घेतली! दहा मिनिटांत वर गच्चीवर नळकांडी लागली, कारण उरलेल्या मिरच्या नासून चालल्या होत्या.

घरात येऊन त्याने दार लावलं. वेसेला संगणकासमोर उभी होती. पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर काढली होती तिने. दोन रेषांऐवजी एक दिसली की काय समजायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"रोसित्सा?" तिने विचारलं.

"नव्हतीच," तो म्हणाला. "म्हणजे ती आहे. पाणी नव्हतं."

तो बसला आणि त्रेविझानना लिहायला लागला. आपण चुकलो, डागच होता, शोध मागे घेतो. चार ओळी. एरवी बेकरीला फोन करायचा तरी आधी कागदावर लिहून काढणारा माणूस, पण आज त्याला एकदाही थांबावं लागलं नाही. पाठवून दिलं. वेसेला त्याच्याकडे बघत होती. त्याचे हात कापत नव्हते, आणि तेच तिला बघवेना.

"आता कसली भीती वाटतेय?" तिने जवळ बसत विचारलं.

स्विलेनने खूप विचार केला. त्रेविझानची, नगरपालिकेची, मिंचोकाकांची, एकेक आठवून बघितली.

"कसलीच नाही गं," तो म्हणाला, आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. वरून मिरच्यांचा वास यायला लागला होता, म्हणून तिने बसल्या जागेवरूनच हात लांब करून खिडकी लावली.